चेसिस नंबर ७००७९

फौजेत गाडी रंगावरून ओळखत नाहीत, नंबरावरून ओळखतात. रंग नवा चढतो, टायर बदलतात, वर्कशॉपमधून इंजिनसुद्धा दुसरं बसून येतं, पण बी.ए. नंबर तोच राहतो आणि लॉगबुकात गाडीचा सगळा प्रवास लिहिलेला असतो. आज ज्या गाडीबद्दल लिहितोय, ती एका फौजीचीच होती. रंग बदलला, इंजिन गेलं, मालक बदलत गेले. नंबर तेवढा शाबूत राहिला, म्हणून ती अर्ध्या शतकाने ओळखता आली.

गाडी जर्मनीची, बीएमडब्ल्यू ५०७. दोन सीटांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार. युरोपच्या गाड्या अमेरिकेत विकणाऱ्या मॅक्स हॉफमनने कंपनीच्या मागे लकडा लावला होता, की अमेरिकन गिऱ्हाइकाला भुरळ पडेल अशी एक गाडी काढा. आल्ब्रेख्त फॉन गोएर्ट्झने तिचं रूप रेखाटलं आणि १९५५ मध्ये ती लोकांसमोर आली. ३.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, १५० हॉर्सपॉवर, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी. पत्रे कारागीर हाताने घडवत, त्यामुळे खर्च वाढत गेला. ५,००० डॉलरला विकायची म्हणून ठरलेली गाडी जवळजवळ दुप्पट किमतीला गेली. १९५९ पर्यंत जेमतेम अडीचशे गाड्या बनल्या. कंपनी आधीच अडचणीत होती, त्यात या तोट्याची भर पडली. डिसेंबर १९५९ मध्ये ती मर्सिडीजवाल्या डाइम्लर-बेंझच्या घशात जाता जाता वाचली.

त्या अडीचशेंपैकी ७००७९ नंबरची पांढरी गाडी सप्टेंबर १९५७ मध्ये तयार झाली. सुरुवातीला ती कंपनीच्याच दिमतीला होती. १९३० च्या दशकात घाटातल्या शर्यती गाजवलेला हान्स श्टुक हा जुना गडी तिच्यावर बसला आणि तिने डोंगरी शर्यतींत भाग घेतला. मग ती फ्रँकफर्टच्या विक्रेत्याकडे आली आणि डिसेंबर १९५८ मध्ये एका तेवीस वर्षांच्या अमेरिकन जवानाने ती घेतली. त्याचं नाव एल्व्हिस प्रेस्ली.

अमेरिकेत तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती. सगळ्या जगाला वेड लावणारा हा गायक २४ मार्च १९५८ ला भरती झाला. गाण्याबजावण्याच्या पथकात राहून दोन वर्षं सुखात काढण्याची वाट मोकळी होती. ती सोडून तो साध्या शिपायासारखा राहिला. ऑगस्टमध्ये आई वारली आणि ऑक्टोबरमध्ये तो जर्मनीत, फ्रीडबर्गच्या छावणीत, ३ऱ्या आर्मर्ड डिव्हिजनच्या एका रणगाडा बटालियनमध्ये दाखल झाला. या बटालियनकडे पॅटन रणगाडे होते. १९६५ मध्ये असल उत्तरला आपल्या पोरांनी ज्यांचं कब्रस्तान केलं, त्याच घराण्यातले.

वडील आणि आजी सोबत आल्यामुळे एल्व्हिसला बाहेर राहायची परवानगी होती. जवळच्या बाड नाउहाइम गावातल्या भाड्याच्या घरातून तो छावणीत जाई. ड्युटीवर जीप, ड्युटी संपली की ५०७. सांगतात, की चाहत्या मुली पांढऱ्या रंगावर लिपस्टिकने निरोप लिहून जात, म्हणून त्याने गाडी लाल करून घेतली. सुट्टीवर असतानाही ज्याला गर्दीने सोडलं नाही, त्या जवानाची ही युक्ती मला फार आवडते. मार्च १९६० मध्ये तो सार्जंट होऊन घरी परतला.

त्यानंतर गाडी जहाजाने अमेरिकेला गेली. अलाबामातला रेडिओ निवेदक टॉमी चार्ल्स याने ती घेतली आणि तिचं मूळ इंजिन काढून शेव्हरलेचं बसवलं. ते मावावं म्हणून पुढची चौकट कापली, मागचा अ‍ॅक्सल बदलला आणि गाडी शर्यतीत उतरवली. आज हे ऐकून जुन्या गाड्यांचे शौकीन कपाळावर हात मारतील. तेव्हा मात्र ती नुसती एक जुनी गाडी होती. पुढे आणखी हात बदलत १९६८ मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या एका अवकाश अभियंत्याकडे आली.

या माणसाने ती ४६ वर्षं सांभाळली. कधीतरी आपल्या हाताने ती उभी करायची, म्हणून सुटे भाग जमवत राहिला. गाडी बराच काळ भोपळे ठेवायच्या गोदामात पडून होती. एल्व्हिसच्या हरवलेल्या ५०७ बद्दलचा लेख वाचून त्याने लिहिणाऱ्या पत्रकार बाईंशी संपर्क साधला. नंबर जुळला. २०१४ मध्ये गाडी म्युनिकला पोचली. तिचा पूर्ण जीर्णोद्धार व्हावा, या बोलीवर त्याने ती बीएमडब्ल्यूला दिली होती. तो स्वतः त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वारला. तयार गाडी त्याला बघायला मिळाली नाही.

कारागिरांना काम दोन वर्षं पुरलं. इंजिन सुट्या भागांतून नव्याने जुळवलं. दाराच्या आतल्या कड्या आणि काच खालीवर करायचे दांडे थ्री-डी प्रिंटिंगने बनवले. सीटचं चामडं जुने फोटो बघून शिवलं. ऑगस्ट २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या प्रदर्शनात गाडी उभी राहिली, ती पांढरी. एल्व्हिसच्या हाती किल्ली आली त्या दिवशी होती तशी.

आता माझा मुद्दा. जीर्णोद्धार म्हणजे निवड असते. पांढरा रंग दिला म्हणजे लिपस्टिकवरचा लाल रंग गेला, शर्यतीसाठी कापलेली चौकट गेली, गोदामातली धूळ गेली. दीड वर्षाचा मालक राहिला आणि ४६ वर्षांचा राखणदार पुसला गेला. मग बीएमडब्ल्यूने चूक केली का? मला तसं वाटत नाही, कारण कामाला हात लावण्याआधी त्यांनी ती गाडी आहे त्या अवस्थेत म्युनिकच्या संग्रहालयात लोकांना दाखवली. पुसण्याआधी नोंद केली. लॉगबुकात चुकीची नोंद खोडायची असली तरी आपण एक रेघ मारतो, सही करतो, पान फाडत नाही. तसंच हे.

हे लिहिण्याचं कारण आपल्या छावण्यांत आहे. गेटवर उभे असलेले पॅटन, जुन्या तोफा, जीपा. इन्स्पेक्शन आलं की त्यांच्यावर रंगाचा नवा हात चढतो. त्याला हरकत नाही, फौजेत चकाकी लागतेच. पण माजी सैनिक बंधूंनो, तुमच्या युनिटच्या अशा एखाद्या गाडीबद्दल तुम्हाला काही ठाऊक असेल, ती कुठून आली, कुणी चालवली, गोळा कुठे लागला होता, तर ते आजच लिहून ठेवा आणि युनिटला कळवा. नंबर लोखंडावर टिकतो. त्यामागची माणसं कुणीतरी लिहून ठेवली तरच टिकतात.