भिंतीवरच्या ‘जय भीम’ची कुळकथा

कामठीकडून येणारी कन्हान मौद्याजवळून पुढे वैनगंगेकडे जाते. या पट्ट्यात, नागपूरच्या वाटेला लागा किंवा भंडाऱ्याच्या, वस्ती आली की कुठल्यातरी भिंतीवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’ दिसतोच. भिंतीवरच्या राजकीय लेखनात इतकं टिकलेलं दुसरं काही मला माहीत नाही. त्याचं मूळ याच नदीकाठी, कामठीत आहे.

बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे १९०४ साली कामठीत जन्मले. विडी कामगारांची संघटना बांधली, रात्रशाळा चालवल्या, १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत, उण्यापुऱ्या पस्तिशीत, क्षयाने वारले. तोवर महारांच्या वाट्याला ‘जोहार मायबाप’ होता, म्हणजे मान खाली घालून करायचा नमस्कार. मुसलमान शेजाऱ्यांच्या सलामाला ठरलेलं उत्तर मिळतं, तशी आपलीही साद असावी असं हरदासांना वाटलं. ‘जय भीम’ म्हटलं की समोरच्याने ‘बल भीम’ म्हणावं, अशी त्यांची कल्पना सांगतात. उत्तर मागे पडलं, साद राहिली.

ती भिंतीवर शोभली यात नवल नाही. पत्रक छापायला पैसा लागतो. भिंतीला चुना, नीळ आणि कुंची पुरते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा झेंडा निळा, तोच रंग अक्षरांना आला. शिवाय अक्षरं चारच, नुकतंच लिहायला शिकलेल्या हातालाही जमणारी. ज्यांच्या आईबापांना पाटी मिळाली नाही, त्यांनी सगळ्या गावाला वाचता येईल असं लिहिलं, याचं मोल मला फार वाटतं. १९५६ ची नागपूरची दीक्षा, १९७२ ची दलित पँथर, १९९४ पर्यंत चाललेला नामांतराचा लढा. मागण्या बदलत गेल्या, हे दोन शब्द कायम राहिले. निवडणुकीची भिंत पेंटर मजुरी घेऊन रंगवतो, आणि पुढच्या खेपेला तिथे दुसरं चिन्ह येतं. ‘जय भीम’ फिका पडला की वस्तीतलंच कुणी पुन्हा गिरवतं.

महाराष्ट्राच्या १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने विनापरवाना भिंत रंगवल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा हवाच, पण त्यात परवानगीची वाटही आहे. मौद्याच्या नगरपंचायतीने ती वापरून एक भिंत या अक्षरांना द्यावी, आणि खाली कामठीच्या बाबू हरदासांचं नाव लिहावं.