छाट : बिडीपासून पार्सलपर्यंत

संयोजकांनी पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव ‘संघटित आणि कंत्राटी वितरण कामगार : वेतन व कामाच्या सवयी’ असं छापलंय. नाव भारदस्त आहे. मी मात्र माझ्या घराच्या दारापासून सुरुवात करतो.

गेल्या मे महिन्यातली दुपार. भंडाऱ्याचा मे तुम्हाला सांगायला नको. साडेबाराच्या सुमारास पोस्टमन आले. स्पीड पोस्ट होतं, सही घेतली, ओट्यावर टेकले, तांब्याभर पाणी प्यायले. माझ्या हयातीच्या दाखल्याची चौकशी केली, शेजारच्या घराला कुलूप का आहे ते विचारलं आणि निघाले. दहा मिनिटं गेली असतील. थोड्या वेळाने पार्सलवाला मुलगा आला. गाडी बंद केली नाही, हेल्मेट काढलं नाही. पाठीवरची पिशवी त्याच्या अंगापेक्षा मोठी. “सर, ओटीपी.” मी म्हटलं, “पाणी घे ना जी.” तो म्हणाला, “राहू द्या सर, अजून बेचाळीस आहेत.” माझा चष्मा सापडेपर्यंत जो वेळ गेला, त्यात त्याने तीनदा मोबाईल पाहिला.

पार्सलमध्ये नातवाचे बूट होते. स्वस्त मिळाले म्हणून मीच मागवले होते, हे आधीच कबूल करून टाकतो. (हशा)

आता एक सोपं उत्तर तयारच असतं. सरकारी माणूस निवांत, खाजगी माणूस चपळ. मी चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि ॲरिस्टॉटलचं एक म्हणणं मला कायम पटत आलंय: सवय ही माणसाबरोबर जन्माला येत नाही, आपण जे रोज करतो त्यातून ती घडते. उद्या याच मुलाला पोस्टात घ्या, तो ओट्यावर टेकेल. आणि पोस्टमनला नगावर पैसे द्या, तो पाण्याला नाही म्हणेल. फरक माणसांत नाही, त्यांच्या कामाची मोजणी कशाने होते यात आहे.

पोस्टमनची मोजणी वेळेने होते. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात तो तिसऱ्या स्तरावर आहे. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू, वर महागाई भत्ता, रजा, साप्ताहिक सुट्टी. हे कोणी प्रेमाने दिलेलं नाही. जुलै १९४६ मध्ये पोस्टमन आणि खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला, त्या काळात देशाची टपालव्यवस्था ठप्प झाली होती. पुढे जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपातही टपालखातं होतं. त्या संपात कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. माझ्या ओट्यावरच्या त्या दहा मिनिटांमागे एवढं सगळं आहे.

पार्सलवाल्या मुलाची मोजणी नगाने. समजा एका पार्सलला पंधरा रुपये मिळाले आणि दिवसाला साठ पार्सलं पोचली, तर नऊशे. त्यातून पेट्रोल, जे आपल्याकडे लिटरला शंभराच्या वर आहे. टायर, पंक्चर, मोबाईलचं रिचार्ज, गाडीचा हप्ता, सगळं त्याचंच. आणि दार बंद असलं, गिऱ्हाइकाने फोन उचलला नाही, किंवा “नको, परत न्या” म्हटलं, तर ती फेरी बहुतेक वेळा फुकट. माझ्या दारात तो उभा होता तेव्हा तो माझ्या चष्म्याची वाट पाहत नव्हता. त्याचे पंधरा रुपये उन्हात वितळत होते.

हा नगाचा हिशेब नवा आहे, मोबाईलमुळे आलाय, असं पुण्या-मुंबईच्या वक्त्यांनी म्हटलेलं मी ऐकतो. भंडाऱ्याच्या माणसाने तरी असं म्हणू नये. आपण बिडीच्या मुलखातले. या जिल्ह्यातल्या आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदियातल्या हजारो घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हजारावर मोजून काम केलंय. त्यात माझं घर आलं.

माझी आई बिड्या वळायची. मोहाडी तालुक्यात आमचं गाव. सकाळी सट्टेदाराकडून पानं, तंबाखू आणि धागा घ्यायचा, पानं भिजवायची, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायची आणि सूप मांडीवर घेऊन बसायचं. पाहुणे आले तरी तिची मान वर व्हायची नाही. बोलायची सगळ्यांशी, हसायचीही, पण हात थांबायचे नाहीत. त्या मुलाच्या हेल्मेटमध्ये मला तिची मान दिसली, म्हणून तर हे व्याख्यान सुचलं.

संध्याकाळी माल सट्टेदाराकडे जायचा. तो मूठ मूठ बिड्या हातात घेऊन बघायचा आणि काही बाजूला काढायचा. त्याला ‘छाट’ म्हणत. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाटलेली बिडी परतही नाही. ती कुठे जायची हे सगळ्यांना ठाऊक होतं. आई म्हणायची, आज शंभर खाल्ल्या. ‘छाटल्या’ नाही, ‘खाल्ल्या’.

आता कायद्याकडे येऊ, कारण या ‘छाट’ शब्दाने पुढे एक विलक्षण काम केलं.

प्रश्न असा होता की बिडी वळणारा माणूस कोणाचा नोकर? कारखानदार म्हणे, मी सट्टेदाराला ओळखतो, वळणाऱ्याला नाही. १९५८ मध्ये चिंतामण राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, कारखान्याचे कामगार नव्हेत. मग नागपूरच्या एका बिडी कारखान्याचा, बिरदीचंद शर्मांचा खटला आला. तिथे माणसं कारखान्यात येऊन वळत. कधी यायचं, कधी जायचं हे त्यांच्यावर. मात्र दुपारनंतर आलं तर काम मिळत नसे. पैसे नगावर. डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने त्यांना कामगार ठरवलं. त्याचं तर्कशास्त्र मला आवडतं. नियंत्रण म्हणजे डोक्यावर सतत मुकादम उभा असणं नव्हे. बिडीसारख्या सोप्या कामात मालाची तपासणी आणि नाकारण्याचा हक्क हेही नियंत्रणच. लगेच पुढच्या वर्षी, १९६१ मध्ये, शंकर बाळाजी वाजे यांच्या खटल्यात न्यायालयाचं बहुमत उलट गेलं. म्हणजे एकाच राज्यात, एकच बिडी, एका कारखान्यात वळणारा कामगार आणि दुसऱ्यात नाही.

हा घोळ संसदेने १९६६ मध्ये मोडला. बिडी आणि सिगार कामगारांच्या कायद्यात घरी बसून वळणारीलाही ‘कर्मचारी’ म्हटलं. कंत्राटदाराच्या व्याख्येत मुनशी, ठेकेदार आणि सट्टेदार हे शब्द जसेच्या तसे आले. दिल्लीच्या इंग्रजी कायद्यात आमच्या ओसरीवरचा शब्द! मालकांनी आव्हान दिलं, १९७४ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधी बिडी धंद्याला लागू झाला. घरी वळणाऱ्या बाया त्यात येतात का, हे भांडण १९८५ पर्यंत चाललं. न्यायालयाने उत्तर दिलं: येतात. कारण ज्याला माल नाकारण्याचा हक्क आहे, त्याचं त्या कामावर नियंत्रण आहे.

इथे जरा थांबतो. आईचं सगळ्यात मोठं दुखणं होतं छाट. तीच छाट न्यायालयात तिच्या बाजूची साक्ष ठरली. तू माझा माल फेकू शकतोस, म्हणजेच तू माझा मालक आहेस.

ही कसोटी आजच्या मुलाला लावून बघा. कोणत्या क्रमाने जायचं हे ॲप सांगतं. दारावर काय बोलायचं, फोटो कसा काढायचा, ओटीपी केव्हा घ्यायचा, सगळं ठरलेलं. गिऱ्हाइकाने तारे कमी दिले तर काम कमी, आणि एक दिवस आयडी बंद. कोणी बंद केला हे विचारायला समोर माणूस नसतो. सट्टेदाराशी निदान भांडता यायचं. आणि एवढं असून त्याचं नाव काय, तर ‘पार्टनर’! ज्याला भाव ठरवता येत नाही, हिशेबाची वही बघता येत नाही, असा भागीदार मी तर्कशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात पाहिलेला नाही.

अमेरिकेतही हेच झालं, फक्त गाडी मोठी. तिथे यूपीएसचे ड्रायव्हर टीमस्टर्स या युनियनचे. ऑगस्ट १९९७ मध्ये १,८५,००० जणांनी पंधरा दिवस संप केला, मुख्य मागणी होती अर्धवेळच्या नोकऱ्या पूर्णवेळ करा. त्याच रस्त्यावर फेडेक्स ग्राउंडचे ड्रायव्हर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ होते. गाडी त्यांची, डिझेल त्यांचं. पण गाडीचा रंग, गणवेश, केस-दाढी कशी ठेवायची, हे कंपनी सांगे. २०१४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या ड्रायव्हरांबद्दल म्हटलं की हे नोकरच आहेत. ती कसोटी नागपूरच्या बिडी कारखान्यात आपल्याकडे चोपन्न वर्षं आधी लावून झाली होती.

पण कायम नोकर आणि कंत्राटी यांच्या मधे आणखी एक माणूस आहे, आणि आपल्या खेड्यांत टपाल आणि पार्सल तोच पोचवतो. ग्रामीण डाकसेवक. पवनी, लाखांदूर, साकोलीकडच्या गावांत तुम्ही ज्याला पोस्टमन म्हणता, तो बहुतेक वेळा खात्याच्या लेखी पोस्टमन नसतोच. इंग्रजांच्या काळापासून गावच्या मास्तराला किंवा दुकानदाराला थोड्या पैशांवर टपालाचं काम द्यायची पद्धत होती, ‘खात्याबाहेरचा’ माणूस म्हणून. १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा माणूसही सरकारी पद धारण करतो, त्याला मनमानीने काढता येणार नाही. तरी वेतनश्रेणी आली नाही. मे २०१८ मध्ये डाकसेवकांनी दोन आठवडे संप केला, आणि त्या वर्षी चार तासांच्या कामाला दरमहा किमान दहा हजार आणि पाच तासांना बारा हजार झाले. शाखा डाकपालाला थोडे अधिक. त्याला पगार म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात. नियमात एक अट असायची: उमेदवाराकडे उपजीविकेचं दुसरं साधन हवं.

ही अट नीट ऐका. आईला सांगत, बिडी हे फावल्या वेळचं काम. डाकसेवकाला सांगितलं, तुझं पोट दुसरीकडे भरतंय. पार्सलच्या जाहिरातीत असतं, जोडकमाई करा, आपल्या सोयीने. तिघांच्याही बाबतीत मजुरी कमी ठेवायची युक्ती एकच: हे तुमचं खरं काम नाहीच. आणि तिघंही दिवसभर तेच करत असतात.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर डाकसेवक आणि पार्सलवाले मिळून मला विचारतील. युनियनमुळे पोस्टमनला ओटा मिळाला; पण त्याच युनियनने मधल्या माणसाला आपल्या बरोबरीचं मानायला फार वर्षं लावली. आणि दार वाजवल्याशिवाय ‘घर बंद’ लिहून गेलेले टपालवालेही मी पाहिलेत. वेळेच्या मोजणीला तिची सुस्ती असते, नगाच्या मोजणीला तिची धाप.

एक विषयांतर. याच भंडाऱ्यातून १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये त्यांनी कारखान्याचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आणणारं विधेयक मांडलं होतं. तासांचं मोल जाणणारा माणूस आपल्या नगाने मोजणाऱ्या जिल्ह्यात हरला. अर्थात निवडणुकीची कारणं वेगळी होती.

परवा एका विद्यार्थ्याने विचारलं, आता तर नवी संहिता आली ना? आली. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ‘गिग कामगार’ आणि ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ही नावं आहेत, आणि कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायचा आहे. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण व्याख्या बारकाईने वाचा. मालक-नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर कमावणारा, तो गिग कामगार. १९६६ मध्ये कायद्याने ओसरीवरच्या बाईला ‘कर्मचारी’ या शब्दाच्या आत ओढून घेतलं होतं. आता त्या शब्दाशेजारी वेगळी खोली बांधून दिलीय. आणि १९६६ चा तो बिडी कायदाही नव्या संहितांत विरघळला.

आईला निधीचा क्रमांक मिळाला नाही. सट्टेदाराच्या वहीत आमच्या गल्लीतल्या पाच बायांचा माल एकाच नावावर लागायचा, आणि ते नाव आईचं नव्हतं. जून महिन्यात तो मुलगा पुन्हा आला, पाऊस होता म्हणून ओट्यावर थांबावंच लागलं त्याला. मी नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि मग जरा थांबून म्हणाला, “ॲपवर हे नाव दिसणार नाही सर. माझा आयडी जानेवारीत बंद झाला. हा भाटव्याचा आहे.”