हून, वरून, पासून, कडून, तून

हून, वरून, पासून, कडून आणि तून ही मराठीत अपादान, म्हणजे एखाद्या ठिकाणापासून किंवा वस्तूपासून दूर होणे, हा अर्थ दाखवणारी रूपे होत. यांपैकी ‘हून’ (व ‘ऊन’) हा पंचमीचा प्रत्यय आहे. पासून, कडून, वरून ही शब्दयोगी अव्यये असून ‘तून’ हे सप्तमीच्या ‘त’ला ‘ऊन’ जोडून बनले आहे. सर्वांत ‘ऊन’चाच अंश दिसत असला, तरी ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

वस्त्रोद्योगाचे गाव असलेल्या इचलकरंजीतील साध्या व्यवहारातही हा फरक दिसतो. सूत सोलापूरहून येते, व्यापाऱ्याकडून येते आणि कापसापासून बनते. पहिल्यात स्थळ, दुसऱ्यात देणारी व्यक्ती, तर तिसऱ्यात मूळ द्रव्य आहे. मात्र सरकी कापसातून काढतात, कारण ती आत असते. सुताप्रमाणे कापसाचे रूपांतर होऊन ती बनत नाही. पासून हे कालाची व स्थलाची आरंभसीमाही दाखवते (सोमवारपासून, नदीपासून). हून तुलनाही दाखवते: पंचगंगेहून कृष्णा लांब आहे.

हून आणि वरून

बोलीत ‘पुण्यावरून आलो’ असे सर्रास म्हणतात. प्रमाण लेखनात निघण्याचे ठिकाण ‘हून’ने आणि वाटेतले ठिकाण ‘वरून’ने दाखवणे इष्ट. इचलकरंजीहून हातकणंगल्यावरून कोल्हापूरला जाता येते, या वाक्यात दोन्ही आपापल्या जागी आहेत. ही प्रत्ययांची अदलाबदल केल्यास प्रवासाचा आरंभच बदलतो.

कडून आणि मुळे

सर्वांत जपून वापरावी अशी ही जोडी आहे. ‘कामगाराकडून यंत्र बिघडले’ म्हणजे बिघाड त्याच्या हातून झाला. ‘कामगारामुळे यंत्र बिघडले’ यात तो केवळ कारण असतो. त्याने यंत्राला हात लावला नसेल, तो वेळेवर आला नसेल एवढेच. जबाब, पंचनामा किंवा तक्रार अर्ज लिहिताना या एका शब्दाने दोषाची जबाबदारी बदलू शकते. कर्मणी रचनेतही कर्ता ‘कडून’ने येतो (समितीकडून निर्णय घेतला गेला).

अन्य भाषांशी तुलना

कर्नाटक सीमेलगतच्या या भागात शेजारची भाषा असलेल्या कन्नडमध्ये ‘-इंद’ हा एकच प्रत्यय ‘चाकूने’ आणि ‘गावाहून’ या दोन्ही अर्थांना पुरतो. त्यामुळे मराठी शिकणाऱ्या कन्नड भाषकाला तेथे नवी निवड करावी लागते.

स्पॅनिशमध्ये असे शब्द नामाच्या आधी येतात. तेथील ‘दे’ मूळ ठिकाण, द्रव्य आणि स्वामित्व या तिन्हींसाठी चालतो. आरंभसीमेवर भर द्यायचा असल्यास ‘देस्दे’ येतो, तो ‘पासून’च्या जवळचा. उलट ‘पोर’ हा शब्द कर्मणी रचनेतील कर्ता आणि कारण दोन्ही दाखवतो, म्हणजे मराठीतील कडून व मुळे हा भेद तेथे शब्दात दिसत नाही. हेतुदर्शक ‘पारा’साठी मराठीत ‘साठी’ येते; परंतु ‘अमक्याखातर’ या अर्थाच्या ‘पोर’चेही भाषांतर ‘साठी’च होते, आणि मराठी विद्यार्थ्यांची अडचण बहुधा तेथेच सुरू होते.