मोटारगाडीतील भारणदर्शक
संचायक घटमाला भारित होत आहे की रिकामी, हे चालकाला दाखविणारे उपकरण. कॅडिलॅक मोटारगाडीत १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक आला व घटमाला भारित ठेवणे अपरिहार्य झाले. त्यासाठी एकदिश जनित्र वापरीत. क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट गाडीच्या १९६० च्या नमुन्यात प्रत्यावर्तक बसविला. तो एंजिनाच्या मंद गतीतही पुरेसा प्रवाह देई. मात्र आरंभकाचा वगळता घटमालेचा सर्व प्रवाह अँपिअरमापकातूनच जात राहिला. सैल वा गंजलेल्या जोडाचा रोध वाढून तेथे उष्णता निर्माण होते व निरोधन वितळून आगही लागू शकते. म्हणून जुन्या गाडीत प्रत्यावर्तक बदलण्यापूर्वी त्याचे अग्र व घटमालेचे अग्र यांमधील दाबपतन एंजिन चालू ठेवून मोजतात. पुढे समांतर जोडला जाणारा व अत्यल्प प्रवाह घेणारा व्होल्टमापक रूढ झाला.