श्रोत्यांची स्मृती आणि ध्वनिमुद्रणाचा पुरावा

१७ मे १९६६ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये बॉब डिलन ह्यांचा कार्यक्रम झाला. पूर्वार्धात ते एकटेच गायले. उत्तरार्धात मात्र, पुढे ‘द बँड’ म्हणून विख्यात झालेल्या वादकांपैकी बहुतेकांसह, त्यांनी विद्युत् वाद्यांचा अवलंब केला. लोकगीतांच्या निष्ठावंतांस हा द्रोह वाटला, आणि अखेरच्या गीतापूर्वी एकाने ‘जूडास!’ अशी आरोळी दिली. येशूच्या विश्वासघातकी शिष्याचे हे नाव पुढे रॉक संगीताच्या दंतकथांत रुजले.

ह्या कार्यक्रमाचे अनधिकृत मुद्रण दीर्घकाळ लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील म्हणून प्रसृत होते. १९९८ साली निघालेल्या अधिकृत आवृत्तीवरही ते चुकीचे स्थलनाम अवतरणचिन्हांत कायम राहिले. रूढ नावापुढे ज्ञात वस्तुस्थितीनेही असे नमते घ्यावे, हे विलक्षणच होय.

आरोळी आपलीच, असे सांगणारे एकाहून अधिक श्रोते पुढे आले. मुद्रणावरून ती दिली गेली एवढेच सिद्ध होते; कोणी व का, ह्यासाठी स्मृतीकडेच वळावे लागते. तेथेही एकवाक्यता नाही. काहींस वाद्यबदल खुपला, तर काहींस शब्द गिळून टाकणारा गोंगाट. जुलै १९६५ मधील न्यूपोर्टच्या हुर्योविषयीही नेमका हाच वाद आढळतो.