न पाहिलेल्या सिनेमाचं कौतुक

मंडळी, परवा रविवारी खरी कॉर्नरला उभा होतो. मित्र म्हणाला, "भावा, तो 'सावकारी पाश' कुठं बघायला मिळंल?"

नाही मिळणार. त्याची प्रिंटच उरलेली नाही.

बाबूराव पेंटरांनी हा मूकपट १९२५ साली आपल्या कोल्हापुरात काढला. कथा ना. ह. आपट्यांची. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. पेंटरांचा १९२० चा 'सैरंध्री' लोकांनी डोक्यावर घेतला होता. पण देव आणि राजे बघायची सवय झालेल्या पब्लिकला पडद्यावर आपलीच फाटकी झोपडी नको होती. 'सावकारी पाश' फारसा चालला नाही.

आज त्याच सिनेमाला भारतीय वास्तववादाची सुरुवात म्हणतात. मीही कॉलेजात असताना तावातावानं म्हणायचो. न बघता!

आता गंमत बघा. त्याच १९२५ साली अमेरिकेत ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय निर्माता-दिग्दर्शकानं स्वतःच्या बळावर 'बॉडी अँड सोल' काढला. पॉल रॉबसनचा हा पहिला सिनेमा. त्यात त्यांच्याच समाजातला एक ढोंगी पाद्री दाखवलाय. न्यूयॉर्कच्या सेन्सॉरनं अडवल्यावर मिशोनं नऊ रिळांचा सिनेमा कापून पाचावर आणला. पण ती कापलेली का होईना, प्रिंट उरली. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीत जतन करण्यासाठी तिची निवड झाली. त्यामुळं तिथं प्रत्येक पिढी तो सिनेमा बघून नव्यानं भांडू शकते.

आपल्याला ती सोय नाही. तेव्हाचं पब्लिक चुकलं की आताचे समीक्षक वाहवत गेले, हे तपासणार कशावर? पेंटरांनी १९३६ साली तीच गोष्ट बोलपट म्हणून पुन्हा काढली खरी. पण आमच्या धंद्यात कोड पुन्हा लिहिला म्हणजे बॅकअप होत नाही!

भारतात हजाराहून जास्त मूकपट निघाले, उरले मूठभर. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. तोवर उशीर झाला होता.

असो. कुणाच्या माळ्यावर रिळांचे जुने डबे असतील तर भंगारात देऊ नका, संग्रहालयाला कळवा. फक्त जपून, जुनी फिल्म भसकन पेट घेते. आणि खरंच 'सावकारी पाश' निघाला, तर पहिल्या खेळाला मी रांगेत सगळ्यात पुढं. आवडला नाही तरी चालेल, निदान बघून तरी बोलेन.