ताल आधी पायांत

लहान मुलांना गाणं शिकवताना आपण आधी काय म्हणतो? "मांडी घाला, गप्प बसा." सव्वाशे वर्षांपूर्वी एका शिक्षकांनी नेमकं उलट केलं. त्यांची गोष्ट आज सांगतो.

त्यांचं नाव एमिल जाक-दालक्रोझ. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात १८९२ पासून ते संगीत विद्यालयात शिकवत. विद्यार्थी कागदावरचं संगीत वाचून वाजवत, पण लय चुकत. तेच विद्यार्थी चालताना पावलं मात्र एकसारखी टाकत! म्हणजे ताल अंगात होताच. मग दालक्रोझ पियानो वाजवू लागले आणि विद्यार्थी त्यावर चालू लागले. लय वाढली की धावायचं, पियानो थांबला की जागीच थांबायचं. पुढे लहान मुलांनाही ते असंच शिकवू लागले.

मुली अनवाणी, उघड्या हातांनी हालचाली करतात म्हणून लोकांनी नावं ठेवली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. १९१० मध्ये ते जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलराऊला गेले. १९१४ मध्ये युद्ध पेटलं. फ्रान्समधल्या रॅंस गावच्या मोठ्या चर्चवर जर्मन तोफा डागल्या गेल्या. त्याच्या निषेधपत्रावर दालक्रोझ यांनी सही केली आणि हेलराऊ कायमचं सुटलं. १९१५ मध्ये जिनिव्हात त्यांची स्वतःची संस्था उभी राहिली. ती आजही चालू आहे.

पुढे यंत्रं आली. १९८० नंतरच्या काळात इंग्लंडमध्ये एडवर्ड विल्यम्स या संगीतकाराने 'साउंडबीम' तयार केलं. त्यातून न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी निघतात. त्यांच्यासमोर हात हलवला की सूर उमटतो. ज्या मुलाला वाद्य धरता येत नाही, तेही नुसती मान हलवून संगीत निर्माण करू शकतं.

आपल्याला हे परकं वाटायला नको. झिम्मा-फुगडीत गाण्याची लय वाढते तशी पावलंही वाढतात. आपल्या आयांनी ताल असाच शिकवला, वहीशिवाय.

आता गावोगावी अंगणवाडीत टीव्ही, टॅब येत आहेत. आमच्या गटातही तो विषय निघतो. यंत्राला आमचा विरोध नाही. विकत घेण्याआधी एवढंच विचारा: मूल हललं तर यंत्र उत्तर देतं का, की मूल नुसतं बघत बसतं? आणि यंत्र येईपर्यंत थांबू नका. डबा वाजवा, मुलांना चालू द्या. डबा थांबला की मुलं थांबतील. पहिला धडा तिथेच झाला.